साहेबांच्या तोंडावरचे ऊन

बातमी आली तेव्हा मी अमरावतीला बहिणीकडे होते. "हमीदभाई मंडपवाले गेले," अकोल्याहून शाळेच्या शिपायाने फोनवर सांगितले. कशाने, हे मी विचारले नाही. मला माहीत होते... आदल्या दिवशी त्यांना उन्हात मीच उभे केले होते.

वीस वर्षे आमच्या संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमाची यादी मी केली. कोण कुठल्या रांगेत, कोणाला पुष्पगुच्छ कोणाच्या हस्ते. त्या यादीप्रमाणे खुर्च्या मांडायचे हमीदभाई. पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर पांढरे टॉवेल टाकले की ते प्रत्येक सोफ्यावर एकदा बसून बघत. "स्प्रिंग टोचली तं मले टोचू द्या मॅडम, मंत्र्याले नको. हे घ्या, झालं उद्घाटन!" पालकांच्या खुर्च्या मात्र मंडपाबाहेर उन्हात जात, त्याचा त्यांना राग होता. एकदा म्हणाले, "शाळा कोनाची हाय, मॅडम?" मी म्हटले, संस्थेची. "अन् संस्था?" मी यादीत डोके घातले. शाळा, कॉलेज, पेट्रोल पंप, बँक, सगळे एकाच घराचे. त्या घरच्या मालकाचे नाव गावात कोणी घेत नाही, नुसते साहेब म्हणतात.

मे महिन्यात नव्या इमारतीचे उद्घाटन होते. साहेब सकाळी दहाला येणार म्हणून मंडप तसा उभा केला होता. साडेबाराला त्यांच्या कार्यालयातून फोन आला : साहेब चारला येतील, तेव्हा मंचावर ऊन येईल, मंडप फिरवा. मी यादीत सातवा मुद्दा वाढवला आणि एक वाजता हमीदभाईंना सांगितले.

"दोन तास थांबा, मॅडम. आता लोखंडी पाइपाले हात लावला तं कातडं निघते."

"साहेबांच्या तोंडावर ऊन येईल, हमीदभाई."

"अन् आमच्या तोंडावर काय चांदनं पडून राह्यलं?"

मी हसले. ते हसले नाहीत. माणसे कमी होती म्हणून स्वतः पाइप धरायला गेले. तीनला मंडप फिरला, मी सातव्या मुद्द्यावर खूण केली. हमीदभाई ओकत घरी गेले. साहेब आले सहा वाजता, ऊन कलल्यावर. दहा मिनिटे बसले, "काय गरमी आहे हो अकोल्यात," म्हणाले आणि गेले. मीही रात्रीच्या गाडीने बहिणीकडे निघाले. मंडप फिरवला नसता तरी चालले असते. साहेबांचे ऊन टळले, हमीदभाई पहाटे गेले.

आठवड्याने संस्थेने मला एक टाइप केलेला कागद दिला. मयताला आधीपासून हृदयविकार होता, कामाशी मृत्यूचा संबंध नाही. खाली हमीदभाईंच्या बायकोची, भाभींची, सही घ्यायची, साक्षीदार मी. शोकसभेत साहेब बोलणार होते, त्याआधी कागद हवा होता. कामाची शिस्त अशी अंगात मुरलेली की मी तो घेऊन निघाले सुद्धा!

त्यांच्या घरात एकही खुर्ची नव्हती. भाभींनी चटई टाकली आणि कागद दोनदा वाचला. "त्याईले तं सर्दीची गोळी बी मालूम नव्हती. हे काहून लिवलं, मॅडम? तुमी होत्या ना तिथं?"

"होते."

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले : साहेबांच्या कार्यालयाच्या सांगण्यावरून, हमीदभाई नको म्हणत असताना, भर उन्हात एक वाजता मंडप फिरवायला मी लावला. त्यांना कसलाही आजार नव्हता. खाली सही, हुद्दा, तारीख. मी कागदाशिवाय परतले; कार्यक्रमांचे काम संस्थेने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतले. शोकसभा झाली. मला बोलावणे नव्हते.

साऱ्या जिल्ह्याला खुर्च्यांवर बसवणारा हा माणूस घरी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचा. निळ्या रंगावर त्याच्या पाठीचा काळपट तेलकट डाग आहे. भाभींनी माझा कागद त्या डागाच्या वर खिळ्याला टांगला, लिहिलेली बाजू पुढे करून.

"नीट ठेवा, भाभी. हरवेल," मी म्हटले.

"पेटीत कायले ठेवू? येनाऱ्या-जानाऱ्याले वाचू द्या."