दाब आणि सोड

आमचे हे कंपनीत गाड्यांना ब्रेक बसवायचे, त्यामुळे घरच्या जुन्या गाडीला मेकॅनिकचा हात लागू देणं त्यांना कमीपणाचं वाटे. एका सुट्टीला त्यांनी दारातच पुढची चाकं काढून नवे ब्रेक लायनर बसवले. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला मला पेडलवर पाय ठेवून बसवलं. गाडीखालून हुकूम यायचा, "दाब! सोड!" न सांगता दाबलं की ओरडा बसायचा.

ब्रेक बघायला आम्ही देहूच्या रस्त्याला लागलो. शेजारी बसून मी प्रत्येक वळणावर पायाखालचा पत्रा रेटत होते.

"मी दाब म्हणालो का?" हे खेकसले.

तेवढ्यात समोर बैलगाडी आडवी आली आणि हेच किंचाळले, "दाब!"

गाडी थांबली. कुणाच्या पायानं, यावर आमचं अजून एकमत नाही.