तुसाचा सिद्धगड

आमच्याकडे लग्नात वरमाय रुखवत पाहायला येते, तेव्हा वस्तूंकडे फारसं कोणी बघत नाही. सगळा मांडव बघतो तिच्या तोंडाकडे. माझं माहेर खर्डीजवळचं, सासर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याशी. सासूबाईंना खूश करायचं म्हणून मी ठरवलं, रुखवतात त्यांच्या दारातला डोंगरच मांडायचा.

असे डोंगर करायला सगळे लाकडाचा भुसा रंगवतात. भुसा रंग पितो, पण वाळला की मेलेला दिसतो. चुलतबहिणीच्या रुखवतातली भुशाची बाग मला शेवाळलेल्या मोरीसारखी वाटली होती, आणि मी तसं तिच्या तोंडावर बोललेही होते. मला चकाकी हवी होती. भाताच्या गिरणीमागे तुसाचे ढीग पडलेले असतात, उन्हात ते चमकतात. पिशवी भरून तूस आणलं आणि हिरव्या रंगात बुडवलं.

आई तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "तूस रंग धरत नाय गो. नुसता वरवर बसतो. हाय तसंच पिवळं ठेव. आता मे महिन्यात डोंगर पिवळाच असतो."

पण मी सिद्धगड पाहिला होता तो भर श्रावणात, बोलणी करायला गेलो तेव्हा. माझ्या डोक्यात तो हिरवाच बसलेला. शिवाय पिवळा डोंगर मांडला तर आपल्याला रंग परवडला नाही असं दिसेल, ही भीती. रंग धरेना तशी मी पुडीवर पुडी ओतत गेले. पुठ्ठ्याच्या डोंगराला डिंक फासला, तूस थापलं, वरून पुन्हा कोरडा रंग भुरभुरवला. डोंगर असा हिरवागार झाला की पोपटानं लाजावं.

लग्नाच्या दिवशी उकाडा म्हणून मांडवात पाण्याचा फवारा मारणारे मोठे पंखे लावले होते. त्यातला एक नेमका रुखवताच्या टेबलासमोर. लग्न लागलं आणि सासूबाई रुखवत पाहायला आल्या. लाडू-करंज्या, लोकरीचं तोरण यांच्यावरून नजर फिरवत डोंगरापाशी थांबल्या.

"अगो बाय, ह्यो तर आमचा सिद्धगड!" म्हणाल्या आणि गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हात त्यांनी डोंगरावर ठेवला. मांडव हसला. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्यांचं हसू गेलं. हात पदराखाली घेऊन त्या वळल्या आणि मुकाट्यानं जाऊन बसल्या.

पुढं आई विहिणीच्या मानाचा नारळ घेऊन गेली, तर त्यांनी तो डाव्या हातानं घेतला. डाव्या हातानं! विहिणींची गळाभेट झाली तीही एकाच हातानं. मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "एवढा माज?" आईचे डोळे भरले. मला असा संताप आला की निघताना सासूबाईंच्या पाया पडले, तेही वाकल्यासारखं करून.

संध्याकाळी माप ओलांडून घरात गेले. सासूबाईंनी मला मोरीपाशी नेलं, दार लोटलं आणि पदराखालून उजवा हात काढला. तळवा हिरवागार. पेरापेरांत रंग बसलेला.

"साबण लावला, राख लावली, जातच नाय. तू केलास रंग, तुला ठाव असंल कशानं जातो." आणि मग हळूच, "दिवसभर झाकला गो. आमच्या बायका लय टवाळ. पहिल्याच दिवशी तुला हसाया नको, वाटलं."

त्यांचा हात हातात घेऊन मी खोबरेल तेल चोळत बसले. मान वर करायची लाज वाटत होती.

सकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. मागून मावशीचा आवाज येत होता, ती कोणा पाहुणीला नारळाचीच गोष्ट रंगवून सांगत होती. "मी पण सांगितली गो," आई म्हणाली. "मांडवातले पाहुणे तर काल सांजेलाच आपापल्या गावी गेले. आता कोणाकोणाला गाठू?"

हाताचा रंग चार-सहा दिवसांत गेला. पण आजही माहेरी, शहापूरकडे कुठल्या लग्नाला गेले की कोणीतरी विचारतंच, "डाव्या हातानं नारळ घेतला ती तुझीच सासू ना?" मी तूस, रंग, पंखा, सगळं पहिल्यापासून सांगते. बायका शेवटपर्यंत ऐकून घेतात. मग माझ्या पाठीवरून हात फिरवतात.

"गुणाची हायेस गो," म्हणतात, "सासूची बाजू बरी सांभाळतेस."