लाथ नेमकी कोणाला बसली?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... मी क्वालिटी खात्यातला माणूस. व्हर्नियरने मोजता येत नाही ते रिजेक्ट!

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला नोकरी करायचो. खोकला होता, तो कारखान्यातल्या धुळीच्या नावावर खपवला. एके सकाळी कंपनीच्या बसमधून उतरायला गेलो तर कमरेखाली पायच नाहीत... म्हणजे होते, पण माझं ऐकेनात. मैलापूरच्या एका हॉस्पिटलात निदान झालं — फुप्फुसांचा टीबी, आणि सोबत मज्जारज्जूला सूज. एकावर एक फ्री! टीबीच्या गोळ्या आणि स्टिरॉइड्स सुरू झाली. "पुन्हा चालेन ना?" विचारलं की डॉक्टर "बघू" म्हणायचे. मी जाम घाबरलो होतो. साताऱ्याहून आलेली आई मास्क लावून शेजारी बसायची आणि इडल्या कमी दिल्या म्हणून कॅन्टीनवाल्याशी मराठीत भांडायची.

एका दुपारी ओरडण्याने जाग आली. पलंगाच्या पायथ्याशी एक धोतरवाले आजोबा बरगडी चोळत बसलेले. तंजावरी मराठीत म्हणाले, "अय्यो! पाय मारलास की मजला! पाहून हालवणें, पा!"

"आजोबा, माझे पाय हलतच नाहीत हो."

"हालत नाहींत? मग मजला काय भिंतीनें मारलें?"

आईने त्यांना समजवावं ना? पण आपल्याकडे पाय लागला की नमस्कार आधी, चौकशी मागाहून. तिने चक्क हात जोडले. "चुकलं हो त्याचं, झोपेत होता." वर मलाच दटावलं, "नमस्कार कर त्यांना!" मी आडव्यानेच केला. आजोबा पुटपुटत निघून गेले.

दाराशी बसलेली नर्स म्हणाली, आत कोणी आलंच नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, पाय ढिम्म. म्हणाले, औषधांनी भास होतात कधी कधी. मग आईने कुठलं औषध घेतलं होतं?

आज मी चालतो, ते उपचारांमुळेच. पण त्या दुपारी काय घडलं, ते मला अजूनही सांगता येत नाही. दुसरा दिवस मात्र स्वच्छ आठवतो. आई पायथ्याशी बसली, माझं पाऊल स्वतःच्या पोटाशी धरलं आणि म्हणाली, "काल परक्याला लाथ मारलीस ना? आता मला मार."

जीव खाऊन जोर लावला. उजवा अंगठा... एवढासा हलला.

आई हमसून रडायला लागली. "अजून मार रे," म्हणाली, "अजून मार."