उसात पुरलेली युद्धनौका

बेळगावहून निपाणीला जाताना बसमध्ये एक गृहस्थ शेजारी बसला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. मिशीला पीळ देत तो अणुयुद्धाबद्दल असं बोलत होता, जणू ते येत्या अमावस्येला ठरलंच आहे. भंगारात निघालेल्या युद्धनौकेची एक लोखंडी खोली कापून आणून त्याने आपल्या उसात पुरली होती.

"बाँब पडू दे, आम्ही खाली निवांत," तो म्हणाला.

"घरचे सगळे मावतील?"

"मावतील की. धाकट्या भावाला तेवढं घेणार न्हाय. बांधावरनं वाद हाय."

जग बुडालं तरी बांध न सोडणाऱ्या या माणसाने मला खोली बघायला आग्रहाने उतरवून घेतलं. पायऱ्या उतरून तो ऐटीत आत शिरला, त्याने दार लावून दाखवलं आणि ते अडकलं. आतून धडाधड बुक्के बसू लागले. माझ्याने दार हलेना, म्हणून मी वर येऊन ओरडलो. शेजारच्या रानातून एकजण पहार घेऊन धावत आला.

"अण्णा, भिऊ नगंस रं, काढतो!"

दार उचकटेपर्यंत त्या धाकट्या भावाचा तळहात रक्ताळला होता. आमचा वीर घामाने निथळत वर आला. भावाच्या हाताकडे त्याने बघितलंच नाही. तो बघत होता मागे आडव्या झालेल्या पिकाकडे.

"माझा ऊस तुडवत कशाला आलास?" तो म्हणाला. "वाट तिकडनं हाय."