काळ्या पाण्यानंतरची पंगत

माझे चुलते काळ्या पाण्याची शिक्षा भोगून कुडपणला परतले, तेव्हा मी मुंबईत एका वर्तमानपत्रात उमेदवारी करीत होतो आणि जत्रेसाठी गावी आलो होतो. बांधावरच्या मारामारीत त्यांच्या हातून भावकीतला एक जण मेला होता. दासगावच्या बंदरात उतरून ते चालत वर आले.

गावकीपुढे प्रश्न एकच होता : त्यांना पंगतीत घ्यायचे की नाही. पंगतीतून कोणी मध्येच उठले तर ती मोडली असे धरीत, आणि ज्याच्यामुळे मोडली तो वाळीत पडे. मग लावणीला त्याच्या शेतात कोणी जात नसे. चुलतीने इतकी वर्षे नाचणी पिकवली ती शेजाऱ्यांच्या हातांवरच.

"तिथं कुणाच्या हातचं खाल्लंस?" गावकीतल्या म्हाताऱ्याने विचारले.

चुलत्यांनी काही लपवले नाही. ते जंगलतोडीच्या टोळीत होते. शिट्टीवर उठायचे, जोडीजोडीने बसून शिरगणती द्यायची, पुढच्या शिट्टीआधी जेवण संपवून उभे राहायचे. एका सकाळी किनाऱ्यावर रानातली माणसे येऊन उभी राहिली. हातात धनुष्ये.

"ती आमाला भ्यायली, आमी त्यांना. मी भात पुढं केला. त्यांनी हुंगला नि टाकला. मग भाजलेलं डुक्कर दिलं. मी खाल्लं."

"रानडुक्कर?"

"होय."

"मीठ होतं काय?"

"नाय."

"मग ती खरी शिक्षा!"

लोक हसले, निकाल मात्र झाला नाही. "उद्या बस पंगतीला," म्हातारा म्हणाला. "कोण उठतं ते दिसंल."

दुसऱ्या दिवशी देवळापुढे पाने मांडली. चुलते टोकाला बसले. मेलेल्याचा भाऊ नेमका समोर आला. तो मान खाली घालून जेवू लागला. बाकीचे त्याच्याकडे पाहत जेवत होते.

आणि चुलतेच उठले. त्यांचे पान केव्हाच रिकामे झाले होते. उभे राहून ते हात बाजूला धरून थांबले. आपण काय केले हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. वाढपी जागच्या जागी थबकले. बायकांच्या बाजूला चुलतीने तोंडाला पदर लावला.

समोरच्या भावाने मान वर केली.

"काय रे, शिट्टी झाली काय? माणसं जेवतायत, दिसत नाय? बस खाली!" मग वाढप्याला म्हणाला, "भात वाढ त्याला. नि सावकाश जेवायला सांग."

चुलते बसले. या खेपेला ते इतके हळू जेवले की सगळ्यांची पाने रिकामी झाली, हात वाळले, तरी पंगत त्यांच्यासाठी बसून राहिली.