मास्तरांचा गाडीतला आवाज

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या डोक्यावर बर्फ ठेवलाय, असं त्यांचे विद्यार्थी म्हणायचे. कुणी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक दाबत आणि म्हणत, "होतं असं. परत."

घरी मात्र दमा असलेल्या आठ वर्षांच्या लेकीला धाप लागली की हेच मास्तर सैरभैर! "पंप कुठाय? हलवला का? ओढ! अगं, ओढ ना!" पोर बिचारी डोळे विस्फारून बघायची आणि तिचा श्वास आणखीच अडकायचा. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "औषध बरोबर आहे. पण मूल धास्तावलं की छाती आवळते, श्वास उथळ होतो, मग औषधाचा हवा तसा गुण येत नाही. आधी तुम्ही शांत व्हा." मास्तरांनी मान डोलावली होती. पालथ्या घड्यावर पाणी!

एकदा बायको कामावर गेलेली, म्हणून लेक गाडीत मागे बसली होती. स्टिअरिंगवर गाडी शिकायला आलेल्या शिंपीणकाकू. या इतक्या भित्र्या, की सायकलची घंटा वाजली तरी दोन्ही हात सोडून द्यायच्या. भर चौकात मागून शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. मास्तरांच्या तोंडून 'पंप कुठाय?' निघणारच होतं. पण ओरडायची सोय नव्हती. काकूंनी स्टिअरिंगच सोडलं असतं!

"काकू, कडेला घ्या. सावकाश. छान. थांबवा."

मास्तर पंप आणि त्याला लावायची नळी घेऊन मागे लेकीशेजारी जाऊन बसले. आवाज अजून तोच होता. "ताठ बस, बाळा. घाई नाही. नळी तोंडाला लाव. मी पंप दाबतो, तू हळूहळू श्वास घे. होतं असं. परत."

लेकीचे खांदे सैल पडले. हळूहळू शिट्टी विरली.

"बाबा, घरी तू असं का नाही बोलत?" ती म्हणाली. "घरी तू ओरडलास की मला वाटतं, मी आता मरणार."

मास्तरांना रडूच आलं. काकूंपुढे त्यांनी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो, मी काय केलं?"

"तुम्ही घाबरट आहात ना, तेवढं पुरे झालं!"

"फी घेऊन वर हे ऐकवा," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

पुढे एका संध्याकाळी लेकीला पुन्हा धाप लागली आणि आतल्या खोलीतून तिची बारीक हाक आली. आई तिच्या शेजारीच बसली होती, तरी पोर म्हणत होती, "बाबाला बोलाव."