रुद्रम्माची फावडी

सरकारनं आमच्या भागात किती खर्च केला, हे फाट्यावर कोणी पेपरात बघत नव्हतं; रुद्रम्माच्या परातीत बघायचे. नळदुर्गच्या अलीकडं तिची खानावळ. महामार्गाचं काम निघालं तशी ती रोज सकाळी दारात उभी राहून मजुरांच्या ट्रॅक्टरमधली फावडी मोजायची. एका फावड्याला दोन भाकरी! फावडी वाढली तसा फाटाही फुगला. शंभुलिंगनं पंक्चरचं दुकान टाकलं, न्हाव्यानं मोठा आरसा आणला आणि मी खानावळीच्या बाकड्यावर बसून सगळ्यांच्या चहाड्या करू लागलो.

कामावरचा इंजिनिअर बुद्धघोष, तेर गावचा. त्यानं खानावळीपुढच्या दगडावर तांबडा बाण काढला. झालं! रस्ता रुंद होऊन आपल्या उंबऱ्याला लागणार, असं समजून रुद्रम्मानं शेड ठोकली, दुसरी चूल मांडली.

"बाण कुणीकडं तोंड करून हाय ते तरी बघ की," मी म्हटलं.

"तुमचा चहा झाला न्हवं, अण्णा? मग गप बसा."

बाण शेताकडं होता. रस्ता तिकडूनच वळला अन् फाटा कोपऱ्यात पडला. तरी मजूर जेवायला येतच होते; शेवटी तर बाई इतकी निर्धास्त, की एके दिवशी फावडी न मोजताच साठ भाकरी थापून बसली. ट्रॅक्टर आलाच न्हाय. काम संपलं होतं.

न्हावी आरसा उचलून नळदुर्गला गेला. रुद्रम्माच्या दोन्ही चुली विझायच्या बेतात. ती एकेक भाकरी निखाऱ्यापुढं उभी करून कडक करत राहिली. तिच्या माहेरी मठातल्या दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, उरलेल्या भाकरी अशाच महिनोन्‌महिने टिकवायचे.

बुद्धघोष निरोप घ्यायला आला, तर ती म्हणाली, "साहेब, रस्त्यानं माझं दार चुकवलं की."

"चुकवलं, मावशी. पण सकाळी बसमध्ये टाकलेलं गाठोडं आता दुपारी हैदराबादला पोचतंय." त्यानं एक भाकरी मोडून तोंडात टाकली अन् उरलेल्या सगळ्या बांधून घेतल्या.

आठवड्यानं त्याचा फोन आला. उमरग्यापुढं नवीन काम लागलं होतं, मजूर तीच भाकरी मागत होते. आता शंभुलिंग रोज गाठोडी घेऊन नव्या रस्त्यावर बस अडवतो. एक गाठोडं तर पार हैदराबादच्या दुकानात जातं.

बाकडं अजून आहे, मीही आहे. सकाळी रुद्रम्मा पीठ चाळायच्या आधी फोन कानाला लावते, मला हातानं गप बसवते आणि विचारते,

"साहेब, आज फावडी किती?"